आतला पॅड कुणी बघितलाच नाही: आंबेनळी घाटात ब्रेक गेला त्याची सगळी हकीकत

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीची गोष्ट आहे. साताऱ्याहून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं आणि तिथून महाडजवळ मामीच्या माहेरी जायचं असं ठरलेलं. गाडी मामांची, 2015 ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, पुढं डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, तिला दोन्हीकडून पॅड दाबतात), मागं ड्रम ब्रेक (फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात), तेव्हा 62,000 किलोमीटर झालेली. मामा चालवत होते, मी शेजारी, मागं मामी, आजी आणि माझी भाची, आणि डिकीत बॅगा, अर्धं पोतं तांदूळ, आराशीचं सामान, म्हणजे गाडी चांगलीच भरलेली.

प्रतापगड फाट्याला वाडा कुंभरोशीत चहा घेतला आणि खाली निघालो. पाऊस भुरभुर, धुकं, आणि पुढं एक ट्रक. थोड्या वेळानं जळाल्यासारखा वास यायला लागला, मामा म्हणाले ट्रकचा क्लच जळतोय, आणि मलाही तेच वाटलं कारण घाटात असा वास कायम येतो. आम्ही ट्रकला पुढं जाऊ दिलं, दोन वळणं मोकळी गेली तरी वास तसाच. मग एका वळणाआधी मामांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. "अरे, पाय खाली चाललाय," एवढंच म्हणाले. पेडल कापसावर पाय ठेवल्यासारखं झालेलं, पुढच्या वेळी दाबलं तर पार तळाला टेकलं.

गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि वेग असेल चाळीसच्या आसपास. मी म्हणलं मामा पटापटा पंप करा आणि तिसरा टाका. चार-पाच वेळा दाबल्यावर थोडासा ब्रेक लागला, तिसरा टाकला, इंजिन ओरडलं, मग दुसरा टाकला तेव्हा जास्तच ओरडलं पण वेग पडला. हँडब्रेकचं बटण दाबून धरून मी तो हळूहळू ओढला, एकदम खेचला असता तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरली असती. पुढं डोंगराच्या बाजूला एक रुंद जागा आली तिथं गाडी घेतली, थांबली. मी उतरून आधी चाकाला दगड लावला. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता.

मागून आलेल्या एका गाडीतले दोघं मदतीला थांबले, त्यातल्या एकानं पाण्याची बाटली काढून चाकावर ओतायला घेतली, मी हात धरून थांबवलं. तापून लाल व्हायला आलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर डिस्क वाकडी होते, तडकतेसुद्धा. पाऊण तास तिथंच बसलो, आजी रामरक्षा म्हणत होत्या आणि भाची चाकाकडं बघत होती.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट सांगतो. पाऊण तासानं पेडल परत आलं. वर, टणक, एकदम व्यवस्थित. मामा म्हणाले, "झालं की नीट, गरम झाला होता बहुतेक." आणि मला खात्री आहे की घाटात असे ब्रेक गेलेले कितीतरी लोक इथंच फसतात, पेडल परत आलं म्हणजे ब्रेक बरा झाला असं समजून पुढं निघतात आणि चाक कधी उघडतच नाहीत. आम्ही पुढचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगानं उतरलो, पोलादपूरला गाडी एका गॅरेजला लावली आणि पुढं रिक्षानं गेलो.

चाक उघडल्यावर

गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणात मेकॅनिक मिळणं अवघड, पण ते मिस्त्री भले माणूस, दुसऱ्या दिवशी घरची पूजा उरकून आले. डावं चाक काढलं, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, उघडला आणि आतला पॅड माझ्या हातात दिला. "दादा, हा पॅड नाही, हा पत्रा आहे."

तो पॅड मी अजून जपून ठेवलाय. पॅड म्हणजे दोन थर असतात, मागं लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. नवीन असताना मसाला साधारण 10 मिमी जाडीचा असतो आणि 3 मिमीवर आला की बदलायचा हा सर्वसाधारण नियम. आमच्या या पॅडच्या एका टोकाला मसाला नखाएवढा, म्हणजे जेमतेम 1 मिमी, आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत तिरका कमी होत होत शून्य, पाचरीसारखा. जिथं शून्य तिथं लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती, घासून कडेला धार आलेली आणि उष्णतेनं निळी-जांभळी पडलेली.

आणि त्याच चाकाचा बाहेरचा पॅड? त्याला 5 मिमी शिल्लक! एकाच चाकात, एकाच दिवशी बसवलेले दोन पॅड, एक अर्धा वापरलेला आणि एक संपलेला. मामा तो बाहेरचा पॅड हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, कारण गेले कित्येक महिने जो बघून सगळे त्यांना "अजून आहेत" सांगत होते तो हाच पॅड होता, अलॉय व्हीलच्या फटीतून तेवढाच दिसतो.

असं का झालं ते कॅलिपर समजला की लगेच कळतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे पिस्टन (ऑइलच्या दाबानं पुढं सरकणारा दट्ट्या) फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो, त्याच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. दोन्ही पॅड सारखे झिजायचे तर त्या दोन पिना लोण्यासारख्या सरकायला पाहिजेत. आमच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन गंजून जाम, तिच्यावरचा रबरी बूट फाटलेला, आत पाणी आणि चिखल जाऊन ग्रीसचे काळे खडे झालेले. मिस्त्रींनी पिन पकडीत धरून हातोडीनं ठोकून काढली, हातानं तर हललीसुद्धा नाही. मग कॅलिपर एका बाजूनं अडकल्यामुळं सगळं काम आतल्या पॅडवर, तेही तिरकं, आणि ब्रेक सोडला तरी पॅड पूर्ण सुटायचा नाही, रस्ताभर हलका घासत राहायचा.

डिस्कची आतली बाजू बघितली तर नांगरल्यासारख्या रेघा, बोट फिरवलं की नख अडकत होतं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आमच्यावर 15 मिमी लिहिलेलं, व्हर्निअरनं मोजली तर 14.2 भरली, म्हणजे लेथवर घासून सरळ करायचा प्रश्नच नाही. उजव्या चाकात मात्र आत 4 आणि बाहेर 5, तिथं काही तक्रार नव्हती. मागचे ड्रम उघडले तर लायनर (शूवरचा मसाला) 2 मिमी, अगदी संपलेले नाहीत पण शू ड्रमजवळ ठेवणारा ॲडजस्टर गंजून बसलेला, म्हणून शू ड्रमपासून लांब राहायचे आणि मागचे ब्रेक नावालाच लागत होते. हँडब्रेक वर येताना दहा-अकरा टकटक व्हायची ती याच्यामुळंच, आणि आम्ही समजत होतो केबल सैल झालीये.

मग ब्रेक ऑइलच्या डबीचं बूच काढलं. आत कोऱ्या चहासारखं गडद. नवं ऑइल जवळजवळ पाण्यासारखं, फिकट पिवळं असतं. मामांची सगळी बिलं एका फाइलीत असतात, ती नंतर साताऱ्याला चाळली तर आठ वर्षांत ब्रेक ऑइल बदलल्याची एक नोंद नाही.

सात महिने मागं

फाइल चाळायला बसलो तेव्हा मला जास्त वाईट वाटलं, कारण गाडी बोलत होती, आणि एकदा नाही, चार-पाच वेळा.

माघात म्हणजे घाटाच्या सात महिने आधी सकाळी ब्रेक लावला की डाव्या बाजूनं चीं असा बारीक आवाज यायचा. पॅडवर एक छोटी स्प्रिंगची पट्टी असते, मसाला 2-3 मिमीवर आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते, तेच तिचं काम. आमच्या गाडीत ती फक्त आतल्या पॅडला आहे. मामांनी साताऱ्यात एका ठिकाणी दाखवलं, तिथं चाक न काढता फटीतून बॅटरी मारली, बाहेरचा पॅड बघितला, "पन्नास टक्के आहेत, धूळ असेल" म्हणून हवा मारून दिली. पुढं दोन-तीन आठवड्यांनी आवाज आपोआप बंद झाला आणि सगळ्यांना वाटलं बरं झालं. पोलादपूरला तो पॅड हातात आल्यावर दिसलं की ती पट्टी मुळातून तुटून पडलेली, फक्त बुडखा राहिलेला. ब्रेकचा आवाज आपोआप बंद झाला असेल तर निश्चिंत होऊ नका, उलट त्याच आठवड्यात चाक उघडा हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

(पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात, तो आवाज वेगळा, तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत निघून जातो, त्याची काळजी करायची नाही.)

त्याच सुमाराला डाव्या पुढच्या चाकाची रिम उजवीपेक्षा जास्त काळी व्हायला लागली, मामी गाडी पुसताना म्हणायच्या की या चाकाला काय होतंय, दोन दिवसांत काळं. मग गाडी सरळ रस्त्यावर किंचित डावीकडं ओढायला लागली, त्यासाठी अलाइनमेंट करून घेतली, पैसे गेले आणि ओढणं तसंच राहिलं. एका चाकाचा ब्रेक थोडा धरून राहिला की हेच होतं, पण ते तपासायला कुणी चाक हातानं फिरवून बघितलं नाही.

आणि शेवटची खूण तर खुद्द डॅशबोर्डवर आली. वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा लुकलुकायचा. तो दिवा दोन गोष्टींसाठी लागतो, हँडब्रेक ओढलेला असेल तर, किंवा ब्रेक ऑइलची पातळी कमी झाली असेल तर. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची रिकामी झालेली जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं, म्हणजे कुठंही गळती नसताना पातळी उतरली तर तो पॅड झिजल्याचा निरोप असतो. मामांनी वॉशिंगला गाडी दिली तिथल्या पोरानं चांगल्या मनानं ऑइल वरपर्यंत भरून दिलं, दिवा गेला. बिलात तेवढीच नोंद, ब्रेक ऑइल टॉपअप. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खंत या टॉपअपची वाटते, त्या पोराला दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार, पण निरोप आणणारा दिवाच आपण विझवला.

यात किलोमीटरच्या हिशोबानंही घात केला. पॅड 41,000 ला बदललेले, मामांच्या डोक्यात पक्कं की पॅड चाळीस हजार चालतात, म्हणजे एंशी हजारापर्यंत बघायची गरज नाही. पण पॅडला किलोमीटर कळत नाहीत, त्याला फक्त किती वेळा आणि किती जोरात दाबलं तेवढं कळतं. हायवेला पळणाऱ्या गाडीचे साठ हजार जातील, पुण्यात हडपसर ते हिंजवडी रोज करणाऱ्याचे पंचवीस-तीसात संपतील, आणि साताऱ्याहून दर महिन्याला घाट चढउतार करणाऱ्याचं गणित आणखी वेगळं. आमचा तर अडकलेल्या पिनेमुळं 21,000 मध्ये खलास झाला.

उष्णतेचा हिशोब

आता प्रश्न असा की पॅड सात महिने झिजत होता, मग ब्रेक नेमका त्याच दिवशी, त्याच घाटात का गेला. यावर मी बरंच डोकं लावलं आणि मामांना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांनाही पटलं.

ब्रेकचं काम एकच, गाडीच्या वेगाची ऊर्जा घ्यायची आणि तिची उष्णता करून हवेत सोडायची. माणसं आणि सामान धरून गाडी 1,300 किलो धरा. 60 च्या वेगातून ती पूर्ण थांबवायला साधारण 1.8 लाख ज्यूल उष्णता होते. आता महाबळेश्वर आहे समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर पार पायथ्याला, म्हणजे सव्वा हजार मीटरचा उतार धरू. एवढ्या उंचीवरून 1,300 किलो खाली आणायचे तर सुमारे 1.6 कोटी ज्यूल कुठंतरी जायला पाहिजेत. भागाकार करा, 60 च्या वेगातून गाडी जवळजवळ नव्वद वेळा थांबवण्याइतकं काम! काही वारा खातो, काही टायर खातात, पण गाडी न्यूट्रलला किंवा वरच्या गिअरला असेल तर उरलेलं सगळं ब्रेकवर.

आणि मामा वरच्या टप्प्यात पेट्रोल वाचवायला न्यूट्रलला उतरत होते, खाली चौथ्यात. त्यांच्या पिढीनं कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या, तेव्हापासूनची सवय. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडून उतरलं की कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो, आणि न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे वाचत तर काही नाहीच, वर इंजिनचा ब्रेक हातातून जातो. इंजिनच बंद करून उतरणं त्याहून घातक, कारण ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

बरं, उष्णता झाली, पण ती ऑइलपर्यंत गेली कशी? इथं पॅडची झीज आणि ऑइल या दोन गोष्टी एकत्र येतात आणि मला हे आधी कधी सुचलं नव्हतं. पॅडचा मसाला ब्रेक लावतो आणि जोडीला डिस्कची उष्णता पिस्टनपर्यंत जाऊ देत नाही, गरम भांड्याखाली फडकं धरतो तसं. मसाला जाड असेल तर पिस्टन बऱ्यापैकी थंड राहतो. आमच्याकडं फडकंच उरलं नव्हतं. लोखंड लोखंडावर घासत होतं आणि ती पट्टी सरळ पिस्टनला टेकलेली, पिस्टनच्या मागं लगेच ऑइल.

ते ऑइल आपण ऑइल म्हणतो पण तेल नाही, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. बूच बंद असलं तरी रबरी पाइपांतून, डबीच्या श्वासाच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी आत मुरत राहतं, आणि साताऱ्या-कोकणातल्या पावसाळ्याचं तर सांगायलाच नको. डॉट 3, डॉट 4 या ब्रेक ऑइलच्या प्रती. नव्या डॉट 3 ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश, डॉट 4 चा 230. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तेच डॉट 3 चं 140 वर येतं आणि डॉट 4 चं 155 वर. घाटात धुरावलेल्या कॅलिपरजवळ एवढं तापमान होणं काहीच विशेष नाही. ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, आणि द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो पण वाफ दाबली जाते, म्हणून मामांच्या पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात गेला. पाऊण तासानं गार झाल्यावर वाफेचं परत ऑइल झालं आणि पेडल वर आलं. तो ब्रेक बरा झाला नव्हता, फक्त गार झाला होता.

एवढं सगळं एका रेषेत आल्यावर कळतं की पिन जाम नसती तर आतला पॅड टिकला असता, पॅड असता तर जुनं ऑइलसुद्धा कदाचित त्या दिवशी निभावलं असतं, ऑइल नवं असतं तर संपलेल्या पॅडनं आवाज करत का होईना खाली पोचलो असतो, आणि दुसरा गिअर असता तर यातलं काहीच तापलं नसतं.

दुरुस्ती

सामान महाडहून आणावं लागलं म्हणून दोन दिवस गेले. पुढच्या दोन्ही डिस्क, दोन्ही चाकांचे पॅड, दोन्ही कॅलिपरच्या पिना आणि बूट, मागचे लायनर, ॲडजस्टर साफ, आणि सगळं ऑइल नवीन डॉट 4. मामा म्हणाले उजवे पॅड ठीक आहेत तर फक्त डावे टाका. मिस्त्रींनी ऐकलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं, एकाच बाजूला नवीन पॅड टाकले की जोरात ब्रेक लावताना गाडी एकीकडं ओढते, पुढची दोन्ही चाकं नेहमी जोडीनंच करायची.

त्यांचं काम बघत मी शेजारी बसलो होतो. कॅलिपर सोडवल्यावर त्यांनी तो तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवला, पाइपवर लोंबकळू दिला नाही, पाइप आतून फाटतो म्हणाले. पिनांना ब्रेकचं वेगळं सिलिकॉनचं ग्रीस लावलं, बेअरिंगचं साधं ग्रीस तिथं चालत नाही, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पिस्टन मागं ढकलायच्या आधी डबीतलं ऑइल सिरिंजनं उपसलं, नाहीतर टॉपअप केलेली डबी वरून वाहिली असती आणि ते ऑइल बॉनेटखालच्या रंगावर पडलं की रंग सोलून काढतं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं. ड्रममधली धूळ त्यांनी हवा न मारता ओल्या फडक्यानं पुसली, ती नाकात जाणं वाईट.

मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली, सगळ्यात लांबच्या म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरू करून, मी आत बसून पेडल दाबायचो, ते चाकाजवळचं हवा सोडायचं निपल सैल करायचे, काळं ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत यायचं, ते आवळायचे आणि मगच मी पाय सोडायचा. पुढच्या डाव्या चाकाला काळ्या ऑइलबरोबर गाळसुद्धा आला. जवळजवळ लिटरभर लागलं. शेवटी गाडी हलवायच्या आधी पेडल टणक होईपर्यंत पंप केलं, कारण नवे पॅड बसवल्यावर पिस्टन मागं असतो आणि पहिला दाब पोकळ जातो, भिंतीला गाडी जाऊन बसते ती अशी.

सगळं मिळून 9,850 रुपये झाले. माघात पहिल्यांदा आवाज आला तेव्हा केलं असतं तर पॅड, पिनांचं ग्रीस, बूट आणि ऑइल मिळून अडीच-तीन हजारांत भागलं असतं, आणि ही झाली फक्त पैशांची बाजू.

नवीन पॅड बसले की लगेच घाट नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ता मोकळा असताना मी आठ-दहा वेळा पन्नासच्या वेगातून दहा-पंधरापर्यंत मध्यम दाबानं आणली, पूर्ण न थांबवता, आणि मग ब्रेक न लावता थोडी पळवून गार केली. पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसायला हे लागतं. परत येताना मामांनी आंबेनळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढला, आणि पुढच्या वेळी उतरताना, मी काही न बोलता, ज्या गिअरमध्ये तो चढला होता त्याच गिअरमध्ये उतरला. पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवायचा नाही, वळणाआधी एकदा नीट दाबून वेग पाडायचा आणि सोडून द्यायचा म्हणजे डिस्कला मधे हवा मिळते. ऑटोमॅटिकवाल्यांनी एल किंवा मॅन्युअल मोड वापरायचा, तो त्यासाठीच दिलेला असतो.

आता आम्ही काय बघतो

आता दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी धुवायच्या आधी मामांच्या अंगणात पुढची दोन्ही चाकं काढतो. सपाट फरशी, मागच्या चाकांना दगड, जॅकखाली फळी, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना कुणी खाली हात-डोकं घालायचं नाही हा मामींचा कडक नियम. चाक निघालं की कॅलिपरच्या मागच्या बाजूनं मोबाइलची बॅटरी मारायची, आतला पॅड तिथून दिसतो. व्हर्निअर नसेल तर दोन एक रुपयाची नाणी एकावर एक धरून अंदाज येतो, मसाला त्यांच्याएवढाच वाटला की लगेच बदलायचा. ज्यांना चाक काढणं शक्य नाही त्यांनी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, खाली बसून, मागून बघावं, बऱ्याच गाड्यांत त्या कोनातून आतल्या पॅडची कड दिसते. आणि गॅरेजला गेलात तर "पॅड किती टक्के" असं विचारू नका, "चारही पॅडचे मिमी लिहून द्या" म्हणा, म्हणजे मेकॅनिकला चाक काढावंच लागतं.

पिना बोटानं सरकवून बघतो, चाक लावायच्या आधी हातानं डिस्क फिरवून बघतो. लांबच्या प्रवासानंतर चारी चाकांजवळ हात नेऊन, न टेकवता, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम नाही ना तेही बघतो, पिन अडकल्याचं हे सगळ्यात सोपं लक्षण आहे आणि त्याला एकही हत्यार लागत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही होऊ देत. पातळी उतरली तर भरायचं नाही, आधी पॅड बघायचे. पेडलचीही एक तपासणी आहे, इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबायचं, दाबून धरून इंजिन चालू करायचं, पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक, आणि तसंच अर्धा मिनिट धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा पंप) आतून गळतोय, तेव्हा गाडी बाहेर काढायची नाही.

वहीत नोंद भाची करते, तेव्हा चाकाकडं बघत बसलेली तीच. गेल्या खंडेनवमीला 71,000 किलोमीटर झाले होते. डावा आतला 7.5, डावा बाहेरचा 8, उजवा आतला 7.5, उजवा बाहेरचा 8. डाव्या पिना दोन्ही मोकळ्या. उजवीची खालची पिन मात्र जरा जड वाटली, काढली तर बुटाला बारीक चीर होती आणि ग्रीस घट्ट व्हायला लागलेलं. नवा बूट मामांनी कपाटात आणूनच ठेवला होता. पिन पुसली, ग्रीस लावलं, बोटानं दोनदा सरकवून बघितली, चाक लावलं, नट आवळले, आणि भाचीनं वहीत "उ. खा. पिन, बूट बदलला" असं लिहून तारीख टाकली.